फेस आला म्हणून प्रेशर कमी करू नका, आधी नळी बघा

या उन्हाळ्यात मला तीन जणांचे फोन आले आणि तिघांची अडचण एकच. घरी केगेरेटर (केग गार ठेवणारा, नळ लावलेला फ्रीज) आणलाय, केग (बिअरची बंद स्टीलची टाकी) लावलाय, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलाय, आणि नळ उघडला की ग्लासभर फेस, तळाला दोन बोटं बिअर. तिघांनीही फोन करायच्या आधी एकच उपाय करून बघितलेला, तो म्हणजे रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरवरच्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या चावीचं, प्रेशर उतरवणं. १२ पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) ८ केलं, ८ चं ५, एकाने तर ३ पर्यंत आणलं होतं. पहिल्या संध्याकाळी वाटतं हां, जरा फरक पडला, पण तीन-चार दिवसांनी फेस होता तेवढाच आणि वर बिअर मिळमिळीत. मग माणूस म्हणतो केगच खराब निघाला नाहीतर मशीनच बोगस आहे, आणि एवढ्या हौसेने आणलेलं सामान गराजच्या कोपऱ्यात जाऊन पडतं, जे मला खरंच बघवत नाही, कारण बिघडलेलं काहीच नसतं, फक्त चार गोष्टी ज्या क्रमाने ठरवायच्या तो क्रम उलटा झालेला असतो. आधी तापमान, मग बिअरमध्ये गॅस किती हवा ते, त्यावरून प्रेशर, आणि त्या प्रेशरला पुरेल एवढी नळी. प्रेशर तिसऱ्या नंबरला येतं आणि ते आपण ठरवतच नाही, पहिल्या दोन गोष्टी ठरवतात.

मी डेन्व्हरजवळ राहते, त्याआधी न्यू जर्सीत होते, आणि बरीच वर्षं घरी बिअर बनवून केगमध्ये भरते. अमेरिकेत हे कायदेशीर आहे, १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त मोठी माणसं असतील तर २०० गॅलनपर्यंत घरी बनवता येते, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं बेकायदा आहे, तेव्हा तिकडून वाचणाऱ्यांनी खालचं सगळं साध्या सोड्याला लावून वाचा, गणित अगदी तेच आहे आणि सोड्याबद्दल शेवटी लिहिलंयच.

सोड्यावरूनच सुरुवात करू, कारण हे आपण सगळ्यांनी लहानपणी हातात धरलेलं आहे. गोटी सोड्याची बाटली आठवा. बंद असते तेव्हा आत बुडबुडे दिसतात का? नाही, पाणी शांत असतं. गॅस पाण्यात विरघळलेला असतो आणि वरचा गॅस त्याला आणि त्या गोटीला दाबून धरतो. बोटाने गोटी आत ढकलली की फट्ट आवाज होतो, वरचा दाब जातो, आणि त्या क्षणी पाण्यातला गॅस बाहेर पडायला लागतो. आणि बर्फात ठेवलेली बाटली उघडली तर थोडंच फसफसतं पण उन्हात तापलेली उघडली तर अर्धा सोडा शर्टावर. या दोन गोष्टी कळल्या तर ड्राफ्ट बिअरचं अर्धं शास्त्र कळलं. द्रवावर गॅसचा दाब जितका जास्त तितका गॅस जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं. आणि द्रव जितका थंड तितका तो गॅस जास्त धरून ठेवतो.

बिअरमध्ये गॅस किती आहे ते व्हॉल्यूममध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर अडीच व्हॉल्यूम, इतकं सोपं. नेहमीच्या अमेरिकन एलला (एल हा बिअरचा एक प्रकार) साधारण २.४ ते २.६ लागतात, इंग्लंडच्या कास्क एलला दीड-दोन पुरतात, आणि जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला साडेतीनच्याही वर जातात. आता समुद्रसपाटीवर बिअर ३८ डिग्री फॅरनहाइटला असेल, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये सव्वातीनच्या आसपास, आणि गेजवर १२ पीएसआय असेल, तर आठवडा-दोन आठवड्यांत ती बिअर आपोआप २.६ च्या जवळ येऊन थांबते. तुम्ही हलवा नाहीतर नका हलवू, ती तिथेच जाणार. तेच १२ पीएसआय ठेवून बिअर ४५ डिग्रीला ठेवली तर ती सव्वादोनवरच थांबेल, आणि ४५ ला २.६ हवे असतील तर १६ च्या जवळ प्रेशर लागेल. म्हणून आधी तापमान पक्कं करायचं असं म्हणते. तापमान हललं की पुढचे सगळे आकडे हलतात.

म्हणजे रेग्युलेटरवरचा आकडा हा बिअर किती जोरात यावी यासाठीचा नाहीच. तो आतल्या गॅसला आतच ठेवण्यासाठी आहे, गोटी सोड्यातल्या गोटीसारखा. तो कमी केलात तर काय होतं ते नळी पारदर्शक असेल तर डोळ्यांनी बघता येतं. १२ वर तयार झालेला केग ५ वर आणा, दोन ग्लास काढा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी दार उघडून टॉर्च मारून नळीकडे बघा. रात्री नळी काठोकाठ भरलेली होती, सकाळी वरच्या वळणात बोटभर जागा रिकामी दिसते आणि तिच्या खाली मोत्यासारखे बुडबुडे नळीला चिकटून बसलेले असतात. तो गॅस हवेतून आलेला नाही, तो तुमच्या बिअरमधूनच निघालाय, कारण त्याला दाबून धरणारं कोणी राहिलं नाही. आता नळ उघडला की आधी ती गॅसची पोकळी भसकन बाहेर येते आणि मागून येणारी बिअर त्या बुडबुड्यांवर आपटून फेस होत येते. म्हणजे प्रेशर उतरवून तुम्ही फेस कमी नाही केलात, फेस व्हायची जागा फक्त ग्लासातून नळीत हलवली, आणि वर प्रत्येक ग्लासामागे केगमधली उरलेली बिअर थोडी थोडी बसत चालली, म्हणजे तिच्यातला गॅस उतरत चालला.

बरं मग १२ वरच ठेवायचं तर ती बिअर नळातून पिचकारीसारखी येणार त्याचं काय? इथे नळी येते, आणि ही गोष्ट मला सगळ्यात छान माझ्या बाबांनी समजावली. बाबा सांगलीचे, सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, बिअर ते घेत नाहीत पण मागच्या वर्षी इथे आले होते तेव्हा गराजमध्ये स्टुलावर बसून माझी खटपट बघत होते. मी त्यांना म्हटलं बाबा बघा ना, केगमध्ये १२ पाहिजेत पण नळाशी जवळजवळ शून्य पाहिजे, मधलं कुठे घालवू? ते लगेच म्हणाले, "अगं, टाकीजवळच्या घरात नळ सोडला की पाणी बादलीबाहेर उडतं, आणि त्याच लाइनीच्या शेवटच्या घरात करंगळीएवढी धार. मधलं प्रेशर कुठे गेलं? पाइपाने खाल्लं. तुझ्या या नळीने पण खायला पाहिजे." त्यांच्या भाषेत त्याला हेड लॉस म्हणतात. पाणी पाइपाच्या भिंतीला घासत जातं आणि त्या घासण्यात दाब खर्च होतो. पाइप जितका लांब तितका खर्च जास्त, जितका बारीक तितका खूपच जास्त, आणि पाणी जितकं जोरात तितका आणखी जास्त.

बॅलन्स्ड सिस्टिम म्हणजे एवढंच. केगमध्ये जेवढं प्रेशर आहे तेवढंच नळीने आणि केगपासून नळापर्यंतच्या चढाने मिळून खाल्लं पाहिजे, आणि ते हळूहळू खाल्लं पाहिजे, म्हणजे बिअर नळापर्यंत येताना तिचा दाब इंचाइंचाने उतरत येतो आणि ती शांतपणे ग्लासात पडते. नळी आखूड असेल तर तो दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटतो, परत गोटी फोडल्यासारखं.

आता आकडे. बारमध्ये ज्या नळ्या वापरतात त्यांचे तक्ते मिळतात, त्यात ३/१६ इंच आतला व्यास असलेली व्हिनाइलची नळी फुटामागे ३ पीएसआय खाते असं धरतात, आणि पाव इंचाची फक्त ०.८५. चढासाठी फुटाला अर्धा पीएसआय धरतात. मग केगेरेटरचा टॉवर (नळ बसवलेला वरचा खांब) केगच्या मधल्या उंचीपासून दोन फूट वर असेल तर एक पीएसआय तिथे गेला, उरले ११, भागिले ३, म्हणजे पावणेचार फूट नळी. कागदावर एकदम बरोबर. आणि म्हणूनच बऱ्याच तयार किटमध्ये चार-पाच फुटाचीच नळी येते, माझ्या पहिल्या किटमध्ये पण तेवढीच होती, आणि मी सहा महिने फेस पीत होते.

गोम अशी आहे की फुटाला ३ हा आकडा त्या नळीच्या अंगावर छापलेला गुण नाही, तो एका ठरावीक वेगाचा आकडा आहे. बारमध्ये मिनिटाला एक गॅलन या वेगाने ओततात, म्हणजे १६ औंसाचा पाइंट ८ सेकंदांत भरतो, कारण काउंटरपलीकडे लोक उभे असतात आणि तिथे सगळी लाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत थंड ठेवलेली असते. घरी आपला नळ थोडा कोमट असतो, दिवसाला दोन-तीनच ग्लास निघतात, आणि आपल्याला घाई नसते. घरी पाइंट १० ते १२ सेकंदांत भरला तर सगळ्यात चांगला भरतो. आणि बिअर हळू वाहायला लागली की घासणं कमी होतं, मग तेवढंच प्रेशर खायला नळी जास्त लागते. म्हणून घरी ३/१६ इंची व्हिनाइलला १२ पीएसआयवर १० ते १२ फूट, हा आकडा घरी बिअर बनवणाऱ्या बहुतेकांच्या अनुभवाला उतरतो आणि माझ्याही. पुस्तकी हिशोबाच्या जवळजवळ तिप्पट आहे म्हणून दचकू नका. नळी गरजेपेक्षा लांब झाली तर नुकसान एकच, बिअर थोडी हळू येते. आखूड झाली तर रोज फेस. म्हणून नेहमी लांब घ्या, १२ फूट लावून बघा, घड्याळ लावून पाइंट भरा, फार रेंगाळत असेल तर सहा इंच कापा, परत भरा. आम्ही बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाने असंच केलं, ते सेकंद मोजायचे आणि मी कापायचे.

व्यासाकडे मात्र नीट लक्ष द्या. ३/१६ म्हणजे साधारण पावणेपाच मिलिमीटर आणि पाव इंच म्हणजे सव्वासहा, दुकानात दोन्ही हातात घेतल्या तर फरक कळत पण नाही, पण मोठी नळी छोटीच्या एक तृतीयांशसुद्धा प्रेशर खात नाही. म्हणजे चुकून पाव इंची आणलीत तर ३५-४० फूट लागेल. मला फोन केलेल्या तिघांपैकी एकाची हीच चूक होती, त्याने नळी बदलताना "जरा मोठी बरी" म्हणून पाव इंची घेतली होती. आता चार मिलिमीटर आतल्या व्यासाची ईव्हीए बॅरियर नळी मिळते, ती कडक असते, बाहेरची हवा आत झिरपू देत नाही, पहिल्या ग्लासाला प्लॅस्टिकचा वास येत नाही, आणि बारीक असल्यामुळे पाच-सहा फुटांत काम होतं. नवीन सेटअप करत असाल तर मी सरळ तीच घ्या म्हणेन, तिला पुश-फिट कनेक्टर लागतात, नळी काटकोनात स्वच्छ कापायची आणि टक्क होईपर्यंत आत ढकलायची, क्लॅम्प आणि गरम पाण्याचा व्याप नाही.

उंचीवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मी न्यू जर्सी सोडल्यावर शिकले. सामान जसंच्या तसं आणलं, तोच फ्रीझर, तेच केग, गेजवर तेच १२, आणि बिअर बोथट लागायला लागली. दोन बॅच झाल्यावर लक्षात आलं की गेज कधीच पूर्ण दाब दाखवत नाही, तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त एवढंच दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरची हवाच १४.७ पीएसआयने दाबत असते, डेन्व्हर ५,२८० फुटांवर, इथे ती १२.२ च्या आसपासच दाबते. म्हणजे गेजवर १२ दोन्हीकडे, पण बिअरवर खरा दाब तिथे २६.७ आणि इथे २४.२. तेवढीच तूट भरायला २,००० फुटांना साधारण एक पीएसआय या हिशोबाने इथे साडेचौदा ठेवावे लागतात. आणि ते वाढलेले अडीच बिअरला नळीतून ढकलतात पण, म्हणून नळी पण त्या मानाने वाढवायची, १० ची १२ केली. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीवाल्यांना पण ५६० मीटर उंचीमुळे एखादा पीएसआय जास्त धरावा लागेल, मुंबईवाल्यांना नाही.

आता समजा नळी बरोबर, प्रेशर बरोबर, तरी फेस येतोय. मग पहिला प्रश्न हा विचारा की प्रत्येक ग्लासाला येतो का फक्त पहिल्या. उत्तरावरून अर्धं निदान होतं.

फक्त पहिल्या ग्लासाला येत असेल तर नळी किंवा टॉवर गरम आहे. केगेरेटरच्या डोक्यावरचा तो स्टीलचा टॉवर फ्रीजच्या बाहेर असतो, त्याच्यावर हात ठेवून बघा, खोलीएवढा गरम लागतो. त्याच्यात अडकलेली थोडीशी बिअर तासाभरात कोमट होते, गॅस सोडते, आणि पहिला ग्लास घालवते, मग मागून थंड बिअर आली की टॉवर गार होतो आणि दुसरा ग्लास सुंदर येतो. यावर उपाय म्हणजे आतली थंड हवा वर चढवायची. कॉम्प्युटरमध्ये असतो तसला छोटा पंखा फ्रीजच्या तळाशी ठेवून त्याला एक पाइप जोडून तो टॉवरमध्ये नळापर्यंत नेला की बस. मोठ्या चेस्ट फ्रीझरवर लाकडी कॉलर (झाकणाखालची चौकट) बसवून नळ लावले असतील तर टॉवरचा प्रश्नच येत नाही, पण तिथे दुसरी गंमत होते, थंड हवा जड म्हणून खाली बसते, त्यामुळे केगच्या तळाशी बिअर गार आणि वर कॉलरपाशी नळी कोमट. तिथे पण आत एक पंखा फिरता ठेवला की वरखाली सारखं होतं. आणि तापमान मोजायचं तर फ्रीजच्या हवेचं नका मोजू, दुसरा ग्लास भरा आणि त्यात थर्मामीटर बुडवा. तापमान कंट्रोलरचा सेन्सर पण हवेत लोंबकळत ठेवू नका, केगच्या अंगाला टेपने चिकटवून वर स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, बंद केलं की बंद, असं दिवसभर चालतं आणि तो लवकर जातो.

प्रत्येक ग्लासाला येत असेल तर कारणं वेगळी. बिअरमध्येच गॅस जास्त झालेला असू शकतो. घाई असते म्हणून लोक केग ३० पीएसआयवर एक-दीड दिवस ठेवतात, ती पद्धत चालते, मी पण वापरते, पण उतरवायला विसरलात आणि तीन दिवस झाले तर ती बिअर कुठल्याही नळीतून फेसच होऊन येणार. गॅस बंद करा, केगच्या झाकणावरची रिंग ओढून वरचा गॅस सोडा, काही तासांनी परत, असं दिवस-दोन दिवस करत राहिलं की उतरते.

दुसरं कारण इतकं बारीक आहे की ते मला शोधायला तीन आठवडे लागले. नळीत सतत बुडबुड्यांची बारीक माळ येत होती, अगदी केगच्या तोंडापासूनच, तापमान ठीक, प्रेशर ठीक, नळी ठीक. कॉर्नेलियस प्रकारच्या केगमध्ये बिअर वर ओढणारी एक लांब स्टीलची दांडी असते, डिप ट्यूब, तिच्या गळ्यात एक काळी रबरी ओ-रिंग असते, अंगठीएवढी पण नाही, लहान मुलाच्या करंगळीत बसेल एवढी. ती चिरली होती. त्यामुळे केगमधल्या वरच्या जागेतला गॅस तिथून सरळ बिअरच्या धारेत घुसत होता. बाहेर काही गळत नाही, साबणाच्या पाण्याने बुडबुडे येत नाहीत, म्हणून सापडत पण नाही. रिंग बदलली, थोडं केग लूब (रिंगांना लावायचं वंगण) लावलं, दोन मिनिटांत सगळं बंद. तेव्हापासून जुना केग घेतला की मी आधी त्याच्या सगळ्या रिंगा बदलते, विचार न करता.

नळ उघडायची पद्धत पण सांगून ठेवते, कारण पाहुणे आले की नेहमी होतं. माणूस भीत भीत नळ अर्धा उघडतो, त्याला वाटतं हळू येईल. पण अर्धा उघडलेला नळ म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम अरुंद झालेली वाट, नळीने हळूहळू उतरवत आणलेला सगळा शहाणपणा तिथे वाया जातो आणि फेस उसळतो. नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचा, ग्लास तिरका धरायचा, पाऊण भरला की सरळ करायचा, आणि एका झटक्यात बंद. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. बारमध्ये दर दोन आठवड्यांनी लाइन केमिकलने धुवायची पद्धत आहे, घरी निदान प्रत्येक केग संपला की धुवा. न धुतलेल्या नळीत यीस्ट आणि बिअर स्टोनचा (बिअरमधून साचलेल्या क्षारांचा) खरखरीत थर बसतो, त्या प्रत्येक खरबरीत टोकावर बुडबुडा तयार होतो, आणि बिअरला लोण्यासारखा नाहीतर आंबूस वास यायला लागतो. ग्लासाचं पण तसंच, भरलेल्या ग्लासात आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लासाला तेलकटपणा राहिलाय. ओतायच्या आधी थंड पाण्याने विसळून घेतला की बराच फरक पडतो.

सिलिंडरबद्दल दोन गोष्टी. एक, रेग्युलेटरवरचं मोठ्या आकड्यांचं दुसरं गेज बघून गॅस किती उरलाय ते कळत नाही. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आणि द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत ते गेज एकाच जागी उभं राहतं, खोलीत साधारण ८५० च्या आसपास, फ्रीजमध्ये ठेवला तर साडेपाचशेच्या जवळ, आणि मग एके दिवशी धाडकन उतरतं, तेव्हा गॅस संपलेलाच असतो. खरं उत्तर वजनकाट्यावर. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा. ५ पौंडांच्या सिलिंडरमध्ये माझे आठ-दहा केग आरामात होतात, आणि दोन-तीन केगमध्येच संपत असेल तर कुठेतरी गळतंय. झाकण नीट बसवायला नवीन केगला एकदा ३० पीएसआय द्या, मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची आणि ही मी अजिबात हलक्यात घेत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वास येत नाही, आणि बंद बेसमेंटमध्ये मोठा सिलिंडर गळला तर तो जमिनीलगत साठत जातो आणि माणूस गुदमरू शकतो. बेसमेंटमध्ये सेटअप असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, तो इथे चालत नाही. सिलिंडर नेहमी उभा आणि साखळीने बांधलेला, आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये जातो. गाडीतून भरून आणताना पण बांधून, खिडक्या उघड्या ठेवून. आणि अमेरिकेत दर ५ वर्षांनी त्याची टेस्ट लागते, खांद्यावरची तारीख जुनी असेल तर दुकानदार भरून देत नाही.

आता सोडा. माझ्या तिसऱ्या नळाला बिअर नाही, साधा सोडा आहे, मुलांसाठी. सोड्याला झणझणीतपणा हवा, चारच्या जवळ व्हॉल्यूम, म्हणजे ३८ डिग्रीला समुद्रसपाटीवर २५-२६ पीएसआय. त्यामुळे त्याला वेगळा रेग्युलेटर लागतो, बिअरच्याच लाइनीवर जमत नाही, आणि ३/१६ ची नळी २५ फूट, तिची गुंडाळी करून केगवर ठेवायची. एवढी नळी ठेवायला जागा नसेल तर नळावरच फ्लो कंट्रोलचा खटका असलेला फॉसेट मिळतो, तो चालतो, तरी मी नळीच पसंत करते कारण ती एकदा जमली की परत हात लावावा लागत नाही. सरबत मात्र केगमध्ये भरू नका, साखर आली की नळी चिकट होते आणि आंबायला लागते. केगमध्ये साधं पाणीच, आणि ग्लासात आधी दोन बोटं अमृत कोकम, थोडं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि वरून सोडा. बाबा दुपारी चहाऐवजी तेच घ्यायचे.

ज्याने प्रेशर ३ वर आणलं होतं तो इथे जवळच ऑरोरात राहतो, म्हणून मी स्वतः जाऊन बघून आले. नळी पाच फूट, टॉवर गरम, बिअर अर्धी बसलेली. १२ फूट नळी लावली, टॉवरमध्ये पंखा बसवला, दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवून फ्रीज ३८ वर आणला, रेग्युलेटर साडेचौदावर केला आणि त्याला सांगितलं की आता आठवडाभर त्या स्क्रूला हात लावायचा नाही, बिअरला गॅस परत प्यायला तेवढा वेळ लागतो. नवव्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला, ११ सेकंदांत पाइंट, वर दोन बोटं पांढरा फेस, आणि तो फेस त्याच्या बोलण्याच्या शेवटपर्यंत टिकलेला. आता त्याला दुसऱ्या नळावर गव्हाची बिअर लावायची आहे, साडेतीन व्हॉल्यूमवाली. त्याला २५ फूट नळी आणि दुसरा रेग्युलेटर मागवून ठेवायला सांगितलंय.